उताऱ्यातली ज्युलिएट

मंडळाच्या यंदाच्या अभ्यासवर्गाचा विषय होता ‘साहित्यकृती आणि तिची इतर कलांमधली रूपं’. कुणी कादंबरीवरचा चित्रपट घेतला, कुणी कवितांची गाणी. मी घेतलं सर्गेई प्रोकोफिएव या रशियन संगीतकाराच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ या बॅलेचं संगीत. लगेच प्रश्न आला, “बेळगावात बसून तू बॅले कुठे पाहिलास गं?” उत्तर सरळ आहे : पाहिलाच नाही. ऐकला. तोही पूर्ण नाही, त्यातले निवडक चौदा तुकडे.

म्हणजे नाच न बघता नाचाचं संगीत, आणि त्यातही उतारे. एवढ्यावर मत द्यायचा अधिकार कुणाला असतो का? वर्गात या प्रश्नावर बरीच चर्चा झाली आणि वेळ संपली. मला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून हा लेख.

आधी आपल्या घरातलं उदाहरण

अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांचं ‘संगीत सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आलं. आज आपल्यापैकी किती जणांनी ते पूर्ण पाहिलंय? हात वर करा म्हटलं तर दोन-तीन वर येतील. पण त्यातली पदं मात्र कितीतरी जणांच्या कानावर असतात. आजीच्या रेडिओवरून, भजनी मंडळातल्या काकांकडून, गाण्याच्या क्लासातून. जुन्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तेवढ्यात बसेल ते पद घरोघर पोचलं, आणि त्याच्या मागचा-पुढचा संवाद नाटकाच्या पुस्तकात राहिला.

पद ऐकून आपण म्हणतो, “काय गोड गायलंय!” ते खरंच असतं. पण ते पद कोण, कुणाला, कोणत्या प्रसंगी म्हणतंय हे ठाऊक नसेल, तर गोडवा कळतो, डाव कळत नाही. निवडक संगीताच्या ध्वनिमुद्रणाचं परीक्षण करताना नेमकी हीच अडचण येते. वादन कसं झालं हे तर बघायचंच. पण उतारा कुठे सुरू झाला आणि कुठे थांबला, हेही बघायचं. दुसरी गोष्ट बहुतेक वेळा राहते. माझ्या बाबतीत ती परीक्षेतच राहिली होती.

माझी चूक

गेल्या वर्षी आम्हाला शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधले काही प्रवेश नेमलेले होते. मी तेवढेच वाचले. बाकीच्याचा सारांश गाइडमध्ये होता. शेवटच्या प्रवेशाबद्दल तिथे एक ओळ होती : रोमिओ विष घेतो, ज्युलिएट जागी होते आणि तीही जीव देते. फ्रायर लॉरेन्सवर टीप आली, तेव्हा मी दीड पान लिहिलं. हा फ्रान्सिस्कन संन्यासी प्रेमी जोडप्याला शेवटपर्यंत साथ देतो, असं ठामपणे लिहिलं. लिहिताना जरा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू. आमच्या धर्मातला माणूस, जगप्रसिद्ध नाटकात, आणि तोही भला!

पेपर परत आला. समासात लाल शाईने एकच ओळ : “शेवटचा प्रवेश वाचला आहे का?”

मग वाचला. मूळ इंग्रजीत वाचला, आणि अडेल तिथे मंगेश पाडगावकरांचं मराठी भाषांतर शेजारी ठेवलं. फ्रायर थडग्यात येतो, रोमिओ मेलेला बघतो. ज्युलिएट जागी होते. तो तिला सांगतो की चल, तुझी एखाद्या मठात जोगिणींकडे सोय लावतो. बाहेर पहारेकऱ्यांची चाहूल लागते आणि फ्रायर घाबरतो. आता मला थांबायचं धाडस होत नाही असं म्हणतो आणि निघून जातो. ज्युलिएट जायला नकार देते. त्या अंधाऱ्या जागी ती एकटी उरते. पेल्यात विषाचा थेंब उरलेला नाही, म्हणून रोमिओचा खंजीर उचलते. म्हणजे “तीही जीव देते” या तीन शब्दांत एक अख्खा निर्णय दडला होता : साथ देणारा पळाला आणि तेरा वर्षांची मुलगी थांबली.

मी लिहिलेलं वाक्य नुसतं अपुरं नव्हतं, उलटं होतं. आणि नेमलेल्या प्रवेशांमध्ये त्या वाक्याला खोटं ठरवणारं काहीच नव्हतं. उताऱ्याचा धोका हाच. उतारा स्वतः खोटं बोलत नाही. तो जिथे थांबतो तिथून पुढचं आपण आपल्या मनाने पुरं करतो.

हे डोक्यात घेऊन मी प्रोकोफिएव ऐकायला बसले.

उतारे आधी, ग्रंथ नंतर

ध्वनिमुद्रणाकडे जाण्याआधी रचनेचा इतिहास थोडक्यात बघू, कारण तो गमतीशीर आहे आणि परीक्षणाला त्याची गरज आहे.

प्रोकोफिएवने या बॅलेचं संगीत १९३५ मध्ये लिहिलं. पहिल्या आराखड्यात शेवट सुखाचा होता : रोमिओला वेळेवर कळतं, ज्युलिएट जिवंत राहते. याचं त्याने पुढे दिलेलं एक कारण अगदी व्यावहारिक आहे. जिवंत माणसं नाचू शकतात, मरणारी माणसं पडल्या पडल्या काय नाचणार? पण हा शेवट टिकला नाही. नृत्यदिग्दर्शकांशी बोलल्यावर त्याने दुःखान्त शेवट लिहिला. दरम्यान मॉस्कोच्या बोल्शोय थिएटरने हे संगीत नाचायला अशक्य ठरवलं आणि प्रयोग अडला. बॅले पहिल्यांदा रंगमंचावर आला तो रशियात नव्हे, चेकोस्लोव्हाकियातल्या बर्नो शहरात, ३० डिसेंबर १९३८ रोजी. लेनिनग्राडचा गाजलेला प्रयोग जानेवारी १९४० मधला. त्यात नृत्यरचना लिओनिद लाव्रोव्स्कीची होती आणि ज्युलिएट होती गालिना उलानोवा.

प्रयोग अडलेला असताना संगीतकार गप्प बसला नाही. त्याने स्वतःच त्यातून निवड करून वाद्यवृंदासाठी दोन ‘स्वीट’ तयार केले. (उच्चार मिठाईसारखा असला तरी मिठाईशी संबंध नाही. मोठ्या कृतीतून निवडलेल्या किंवा सुट्या लहान रचनांची मैफलीत सलग वाजवायची मालिका म्हणजे स्वीट.) पहिला स्वीट नोव्हेंबर १९३६ मध्ये मॉस्कोत वाजला, दुसरा एप्रिल १९३७ मध्ये लेनिनग्राडला. तिसरा बराच नंतर, १९४६ मध्ये आला.

म्हणजे लोकांनी हे उतारे आधी ऐकले आणि पूर्ण बॅले नंतर पाहिला. त्यामुळे ‘स्वीट म्हणजे मूळ कृतीची काटछाट’ असं एका फटक्यात म्हणता येत नाही. निवड करणारा हात मूळ लेखकाचाच आहे. कवीने स्वतः आपल्या कवितांची निवड काढावी तसं. तरीही निवड ती निवडच. वाचकाने प्रश्न विचारायला हरकत नाही.

ध्वनिमुद्रण कोणतं?

मी निवडलेलं ध्वनिमुद्रण १९६२ सालचं आहे. वाद्यवृंद मिनीआपोलिस सिंफनी, कंडक्टर स्तानिस्लाव स्क्रोवाचेव्स्की, कंपनी मर्क्युरी, मालिका ‘लिव्हिंग प्रेझेन्स’. यात पहिला आणि दुसरा असे दोन्ही स्वीट आहेत; प्रत्येकात सात, असे एकूण चौदा तुकडे.

स्क्रोवाचेव्स्की मूळचा पोलंडचा, जन्म १९२३ मध्ये ल्वूफचा. लहानपणी पियानोवादक म्हणून त्याचं नाव होतं. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यात हातांना इजा झाली आणि पियानोची वाट बंद झाली. मग तो कंडक्टर आणि संगीतकार झाला. १९६० मध्ये त्याने मिनीआपोलिसच्या वाद्यवृंदाची सूत्रं हाती घेतली आणि १९७९ पर्यंत सांभाळली. याच वाद्यवृंदाचं नाव १९६८ मध्ये बदलून मिनेसोटा ऑर्केस्ट्रा झालं. म्हणजे हे ध्वनिमुद्रण त्याच्या तिथल्या अगदी सुरुवातीच्या काळातलं.

आता परीक्षण. मी स्वतःसाठी चार प्रश्नांची यादी केली. इतर कुठल्याही निवडक ध्वनिमुद्रणाला ती लावता येईल.

पहिला प्रश्न : वादन कसं आहे?

सुरुवात सगळ्यांच्या ओळखीच्या तुकड्यापासून करू. दुसऱ्या स्वीटचा पहिला भाग, ‘माँटेग्यू आणि कॅप्युलेट’. आधी सगळा वाद्यवृंद एका कर्कश, टोचणाऱ्या आवाजात चढत जातो, आणि तो आवाज अचानक कापला की मागे तंतुवाद्यांचा अगदी हळू स्वर उरतो. दोनदा असं होतं. शहरातली मारामारी आणि त्यावर राजाचा हुकूम, असा तो प्रसंग. मग सरदारांचं नृत्य सुरू होतं. खाली पितळी वाद्यांची जड पावलं आणि वर व्हायोलिनची ताठ मानेने चढणारी-उतरणारी सुरावट.

हा तुकडा फार जड वाजवण्याचा मोह अनेकांना होतो. जितका जड तितका भारदस्त, असं वाटतं. स्क्रोवाचेव्स्की तसं करत नाही. त्याचे सरदार राक्षस नाहीत, घमेंडखोर माणसं आहेत. ताल काटेकोर, प्रत्येक स्वराची कड स्वच्छ. मला लग्नाच्या वरातीत पुढे चालणारे, फेट्याचा तुरा सांभाळणारे मामालोक आठवले. हसू येतं, आणि यांच्याशी भांडण काढू नये हेही कळतं.

मध्येच हे सगळं थांबतं आणि बासरी येते. ज्युलिएट पॅरिसबरोबर नाचते आहे, म्हणजे घरच्यांनी ठरवलेल्या स्थळाबरोबर. सूर सुंदर आहे पण त्यात ऊब नाही. इथे कंडक्टरची परीक्षा असते. बासरी लाडिक वाजली तर प्रसंग गेला. इथे ती सरळ, जवळजवळ कोरडी वाजते. नाचायला सांगितलं म्हणून नाचणारी मुलगी. मग सरदार परत येतात, पितळी वाद्यांच्या रांगेत टेनर सॅक्सोफोनचाही रंग मिसळतो, आणि मुलगी त्यांच्या गर्दीत दिसेनाशी होते.

दुसरं उदाहरण पहिल्या स्वीटच्या शेवटचं, ‘टिबॉल्टचा मृत्यू’. व्हायोलिन जीव घेऊन पळत सुटतात. हे द्वंद्व. मग एकच आघात पुन्हा पुन्हा, मध्ये नुसती शांतता. मोजले तर पंधरा. त्यानंतर प्रेतयात्रा. व्हायोलिनच्या पळापळीत स्वर एकमेकांत मिसळून चिखल होणं सोपं असतं. इथे प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो, आणि म्हणूनच भीती वाटते. धडपडणारा माणूस नव्हे, नेम धरून मारणारा माणूस दिसतो. पंधरा आघातांमधली शांतताही नीट मोजलेली आहे. पहिल्यांदा ऐकताना दहाव्या आघातापाशी मला ‘पुरे’ म्हणावंसं वाटलं. तिथे तसंच वाटायला हवं.

उणीव सांगायची तर पहिल्या स्वीटमधल्या सहाव्या तुकड्यात, म्हणजे सज्जातल्या भेटीत. तंतुवाद्यांचा आवाज नीटनेटका आहे पण थोडा सडपातळ. प्रेमाची सुरावट पसरते तेव्हा आणखी जरा श्वास घेतला असता तर बरं झालं असतं. आमच्या चर्चच्या कॉयरमध्ये बाई सांगतात, “बाळांनो, ओळ संपली म्हणून सूर टाकू नका, हळूच खाली ठेवा.” इथे काही ओळी खाली ठेवलेल्या नाहीत, बंद केल्या आहेत. ही माझी आवड आहे हे कबूल; दुसऱ्या कुणाला हाच संयम आवडेल.

दुसरा प्रश्न : ध्वनिमुद्रण कसं केलंय?

पहिल्यांदा मी हे सगळं बसमध्ये, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं आणि वहीत लिहिलं : ‘मधले भाग कंटाळवाणे, काही ठिकाणी काहीच वाजत नाही.’ ही नोंद मी मुद्दाम खोडलेली नाही.

मर्क्युरीची या मालिकेतली पद्धत अशी होती. वाद्यवृंदासमोर मोजून तीन मायक्रोफोन. प्रत्येक वाद्याला वेगळा मायक्रोफोन नाही. आवाजाची पातळी आधी ठरवायची आणि मग वादन चालू असताना बटणांना हात लावायचा नाही. म्हणजे हळू वाजलेलं हळूच राहतं आणि मोठं ते मोठंच. वाद्यांचा समतोल यंत्राने साधायचा नाही, कंडक्टरने आणि वादकांनी साधायचा.

यामुळे फायदा हा होतो, की खोलीत कोण कुठे बसलंय ते ऐकू येतं. ‘मुखवटे’ या तुकड्याच्या सुरुवातीला छोट्या तालवाद्यांची कुजबुज आहे. रोमिओ आणि त्याचे मित्र आमंत्रण नसताना मुखवटे घालून शत्रूच्या घरच्या मेजवानीत घुसताहेत. हेडफोन लावले की ती कुजबुज एका कोपऱ्यातून येते. चोरपावलांनी येणाऱ्याला कोपराच हवा असतो.

तोटा हा, की हे ध्वनिमुद्रण बसमध्ये ऐकायचं नाही. ‘काहीच वाजत नाही’ असं मी जिथे लिहिलं होतं, तिथे खरं तर वाजत होतं. इंजिनाच्या आवाजाखाली बुडालं होतं. पितळी वाद्यं जोरात येतात तेव्हा आवाजाला थोडी धार चढते, साठ वर्षांपूर्वीच्या फितीचं वय जाणवतं. तेवढं चालवून घ्यायला हवं. पण परीक्षण लिहिणाऱ्याने आपण कशावर ऐकलं हे आधी सांगावं, एवढा धडा मी घेतला. धूसर झेरॉक्सवर वाचून कवितेला दुर्बोध म्हणण्यासारखंच आहे ते.

तिसरा प्रश्न : क्रम कोणता?

इथे साहित्याच्या विद्यार्थ्याने कान टवकारावेत. पहिल्या स्वीटचे सात भाग असे : लोकनृत्य, रस्ता जागा होतो तो प्रसंग, मॅड्रिगल, पाहुण्यांचं आगमन, मुखवटे, रोमिओ आणि ज्युलिएट, टिबॉल्टचा मृत्यू. यातलं पहिलं लोकनृत्य बॅलेच्या दुसऱ्या अंकातलं आहे आणि त्याच्यानंतर येणारी सकाळ पहिल्या अंकातली! मॅड्रिगल मेजवानीच्या ऐन मध्यावरचं, पण ते पाहुणे यायच्या आधीच वाजतं. म्हणजे क्रम कथेचा नाही, मैफलीचा आहे. आधी रंग भरायचा, मग हलकंफुलकं, मग प्रेम, आणि टाळी पडेल असा जोरदार शेवट.

दुसरा स्वीट कथेच्या जरा जवळ जातो : माँटेग्यू आणि कॅप्युलेट, लहानगी ज्युलिएट, फ्रायर लॉरेन्स, नृत्य, ताटातुटीपूर्वी रोमिओ आणि ज्युलिएट, कमळिणी घेतलेल्या मुलींचं नृत्य, ज्युलिएटच्या थडग्यापाशी रोमिओ. (मूळ फूल लिली. आमच्याकडे लग्नात आणि मयतीला दोन्हीकडे लिली लागते, म्हणून ‘कमळिणी’ म्हणताना मला चुकल्यासारखं वाटतं. पुढे लिलीच म्हणते.)

या क्रमामुळे गमतीचे शेजार तयार होतात. दुसऱ्या भागात ज्युलिएट खोलीभर पळते आहे. व्हायोलिनच्या भरभर सरगमा, मध्येच आरशासमोर थबकल्यासारखी थांबलेली, क्षणभर गंभीर झालेली मुलगी. स्क्रोवाचेव्स्कीच्या हाती हा भाग फार सुरेख उतरलाय. पळण्यात घाई नाही, खोडी आहे. आणि तिच्या पाठोपाठ लगेच फ्रायर. बासूनचा खर्जातला, सावकाश चालणारा सूर. खाली ट्यूबा आणि हार्प. मग चेलोंचा प्रेमळ घोळका. बॅलेत या दोघांच्या मध्ये मेजवानी, सज्जा, प्रेम असं सगळं घडतं. स्वीटमध्ये मधलं गेलं आणि दोघं शेजारी आले. ऐकताना असं वाटतं की मुलगी खेळता खेळता दारात आली आणि समोर फादर उभे. आमच्या गावच्या वाड्यावर हे दृश्य मी शंभरदा पाहिलंय. खेळ थांबतो, ओढणी सारखी होते, “जेजू, फादर.”

हा शेजार शेक्सपिअरने लिहिलेला नाही. तरी तो खरा वाटतो. म्हणून क्रम मोडला की कृती बिघडतेच असं नाही. नवी कृती होते. ती नवी आहे हे आपल्याला माहीत असलं की झालं.

कथेच्या क्रमाने ऐकायचं असेल तर दुसरे मार्ग आहेत. मायकेल टिल्सन थॉमसने सॅन फ्रान्सिस्को सिंफनीबरोबर १९९५ मध्ये जे ध्वनिमुद्रण केलं, ते स्वीट बाजूला ठेवून मूळ बॅलेतले प्रसंग ओळीने घेतं. लोरिन माझेलने क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राबरोबर १९७३ मध्ये पूर्ण बॅले मुद्रित केला. तो आपला ‘मूळ ग्रंथ’. उतारा तपासायचा तर ग्रंथ हाताशी हवा.

चौथा प्रश्न : कुठे थांबतं?

आता माझ्या लाल शाईकडे येते.

दुसऱ्या स्वीटचा सहावा भाग म्हणजे लिली घेतलेल्या मुलींचं नृत्य. लग्नाची सकाळ. मैत्रिणी नवरीला उठवायला आल्या आहेत. ज्युलिएट औषध घेऊन निपचित पडली आहे, त्यांना माहीत नाही. प्रोकोफिएव इथे दुःखाची एकही सूचना मोठ्याने देत नाही. हलका, नाजूक, थोडा अवघडलेला नाच. आपल्याला माहीत आहे, त्यांना नाही. नाट्यशास्त्राच्या तासाला आपण ज्याला नाट्यगत उपरोध म्हणतो, तो हाच, नुसत्या सुरांत. स्क्रोवाचेव्स्की तो हलका ठेवतो, उगाच सुस्कारा मिसळत नाही. मला हा या ध्वनिमुद्रणातला सगळ्यात धाडसी भाग वाटतो.

मग सातवा, शेवटचा. रोमिओ थडग्यापाशी. तंतुवाद्यांचा वर चढत जाणारा आक्रोश, त्यात पितळी वाद्यं मिळतात, दुःख सगळ्या वाद्यवृंदभर पसरतं आणि मग विरत विरत संपतं. वादन उत्तम आहे. आधीच्या भागांत राखलेला संयम इथे कामाला येतो. आधी रडून न घेतलेला माणूस रडावा तसं वाटतं.

आणि इथे स्वीट संपतो.

रोमिओ शोक करतो. ज्युलिएट? ती अजून झोपलेलीच आहे. तिने डोळे उघडलेले नाहीत. ‘ज्युलिएटचा मृत्यू’ हे बॅलेचं शेवटचं प्रकरण प्रोकोफिएवने १९४६ च्या तिसऱ्या स्वीटमध्ये घेतलं, आणि तो स्वीट या ध्वनिमुद्रणात नाही. म्हणजे हे चौदा तुकडे ऐकणाऱ्याला ज्युलिएट भेटते ती लहान मुलगी म्हणून, प्रेयसी म्हणून, आणि जिच्यासाठी दुसरं कुणी रडतं ते प्रेत म्हणून. स्वतःचा शेवट स्वतः ठरवणारी ज्युलिएट त्याला भेटत नाही. फ्रायरचा सूरही तिसऱ्या भागात जसा शांत आणि भला वाजला, तसाच मनात राहतो.

माझ्या परीक्षेच्या उत्तरातली ज्युलिएट आणि फ्रायर हेच होते. नेमके हेच. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी हेडफोन काढून थोडा वेळ नुसती बसले. गाइडला दोष देणं सोपं होतं. इथे तर निवड खुद्द संगीतकाराची होती, वादन सुंदर होतं, कुणी काही चुकीचं केलं नव्हतं. तरी ऐकणारी मीच पुन्हा त्याच जागी येऊन पोचले होते.

मग माझेलच्या पूर्ण ध्वनिमुद्रणातला शेवट लावला. ‘ज्युलिएटचा मृत्यू’ लहान आहे. त्यात थडग्यापाशीचा आक्रोश नाही. संथ, उजळ, जवळजवळ शांत संगीत आहे. ज्या मुलीला आपण खोलीभर पळताना ऐकलं, ती इथे एकदम मोठी झालेली ऐकू येते. तो तुकडा ऐकल्यानंतर मी पुन्हा मागे जाऊन स्क्रोवाचेव्स्कीची ‘लहानगी ज्युलिएट’ लावली. आता त्या पळापळीच्या मध्ये ती थबकते ती जागा वेगळीच वाटली. सूर तेच. ऐकणारी बदलली होती.

निकाल

मंडळात सवयीने सगळे विचारतात, “शेवटी चांगलं की वाईट ते सांग.” सांगते.

वादन : फार चांगलं. ताल आणि स्वच्छता यांत उजवं, प्रेमाच्या जागी थोडं हात राखून. ध्वनिमुद्रण : प्रामाणिक, जिवंत, पण शांत खोली आणि बरे हेडफोन मागणारं. क्रम : मैफलीचा, कथेचा नव्हे, तसंच समजून ऐकलं तर त्यातून काही अनपेक्षित शेजार मिळतात. शेवट : अर्ध्यावर. हा दोष वादकांचा नाही आणि मी तो त्यांच्या नावावर लिहिणारही नाही. पण ऐकणाऱ्याला सांगितलाच पाहिजे, कारण नुसतं ऐकून तो कळत नाही. संगीत इतकं पुरं वाटतं की पुढे काही आहे अशी शंकाही येत नाही.

म्हणून माझी शिफारस अशी : हे ध्वनिमुद्रण जरूर ऐका. संपलं की लगेच उठू नका. दुसऱ्या कुठल्याही चांगल्या ध्वनिमुद्रणातला ‘ज्युलिएटचा मृत्यू’ शोधा आणि त्याच बैठकीत ऐका. चौदा अधिक एक.

सुरुवातीचा प्रश्न उरला : न पाहिलेल्या बॅलेच्या उताऱ्यांवर मत देण्याचा अधिकार मला आहे का? मला वाटतं, आहे. अट एकच : मत देताना ‘मी इथपर्यंतच ऐकलंय’ हे आधी सांगायचं. आपण सगळेच उताऱ्यांवर वाढलेली मुलं आहोत. पाठ्यपुस्तकातला धडा म्हणजे कादंबरीचा उतारा, रविवारी चर्चमध्ये वाचतात तो शुभवर्तमानाचा उतारा, आजीच्या रेडिओवरचं पद म्हणजे नाटकाचा उतारा. पूर्ण ग्रंथ दर वेळी हाती येणार नाही. पण पानाच्या शेवटी ‘पुढे चालू’ लिहायला तर काही हरकत नाही.

पुढच्या बैठकीसाठी

प्रत्येकाने एखाद्या संगीत नाटकातलं आपल्याला पाठ असलेलं एक पद निवडावं. ते कोण, कुणाला, कधी म्हणतं हे आधी अंदाजाने वहीत लिहावं. मग नाटकाचं पुस्तक आणून त्या पदाच्या आधीचा आणि नंतरचा एकेक प्रवेश वाचावा. अंदाज चुकला तर खोडू नये. तसाच घेऊन यावा. माझी लाल शाईची उत्तरपत्रिका मीही आणणार आहे.